उजेड वरून, चेहरा खाली : कॉलेज कुस्तीच्या छायाचित्रणाचा आढावा

अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. म्हणजे ऐन हिवाळ्यातला, छपराखालचा खेळ. नोव्हेंबर २०१५ मध्ये आयोवा विद्यापीठाने ओक्लाहोमा स्टेटविरुद्धची लढत फुटबॉलच्या उघड्या किनिक स्टेडियमवर ठेवली आणि ४२,२८७ प्रेक्षक आले, तो अपवाद. एरवी ही कुस्ती कॉलेजच्या जिममध्ये नाहीतर बास्केटबॉलच्या अरीनात होते. तिथले दिवे छताला टांगलेले असतात, उजेड सरळ खाली पडतो आणि कुस्तीगीर बहुतेक वेळ मान खाली घालून असतो.

त्यामुळे फोटो काढणाऱ्यापुढे दोन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. उजेड कमी आहे, हा पहिला. तो नको त्या दिशेने येतो, हा दुसरा. पहिल्यावर फिल्म, लेन्स आणि सेन्सर बनवणाऱ्यांनी सत्तर वर्षं डोकं चालवलं, अलीकडे सॉफ्टवेअरवालेही त्यात उतरले, आणि तो प्रश्न बराचसा सुटला. दुसरा जिथल्या तिथे आहे. छायाचित्रकारांच्या गप्पांत मात्र पहिलाच प्रश्न सारखा निघतो, कारण त्याची उत्तरं दुकानात विकत मिळतात. या लेखात दोन्हींचा हिशेब मांडायचा आहे.

अंधार किती?

उन्हाळ्यातल्या भर दुपारी उघड्या मैदानावर आयएसओ १००, अपर्चर एफ/१६ आणि शटर १/१०० इतक्यावर फोटो नीट येतो. साध्या कॉलेज जिममध्ये अपर्चर एफ/२.८ पर्यंत उघडायचं, शटर १/५०० ठेवायचं, तर आयएसओ ३२००च्या आसपास न्यावा लागतो. दिवे जुने असतील तर ६४००. पहिल्या हिशेबानेही हॉलमधला उजेड उन्हाच्या सुमारे दोनशेपट कमी ठरतो. आपले डोळे सरावतात, म्हणून प्रेक्षकाला हॉल लख्ख वाटतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही.

शटर १/५००च का, हा प्रश्न रास्त आहे. कुस्तीत सगळाच वेळ वेगवान नसतो. खडाखडीत दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून जोर अजमावत असतात, तेव्हा १/२५० सुद्धा पुरतं. एकाने पट काढला की मात्र हात, डोकं आणि पाय तीन दिशांना जातात आणि १/५००ला बोटं हलतात. उचलून फेकण्याच्या डावाला १/८०० ते १/१००० लागतं. पण कोणता डाव कधी पडणार हे आधी कळत नसल्यामुळे बहुतेक जण १/५०० ते १/६४० वर तडजोड करतात. फिल्मच्या काळातले छायाचित्रकार यापेक्षा कमी वेगावर भागवत, कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. उचललेला पैलवान सर्वांत उंचावर पोचतो, तेव्हा क्षणभर गती थांबल्यासारखी होते. तो क्षण पकडला तर १/२५०लाही फोटो हलत नाही.

अपर्चर आणखी उघडायचं म्हटलं तर फोकस सांभाळावा लागतो. ८५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घेऊन पाच मीटरवरून फोटो काढला, तर जेमतेम सव्वा फूट खोलीचा भाग स्पष्ट येतो. गुंतलेली दोन शरीरं याहून जास्त जागा घेतात. एकाच्या डोळ्यावर फोकस बसला की दुसऱ्याचा चेहरा विरघळतो. ते चालतं का, हे फोटो कशाचा आहे यावर ठरतं. झुंजीचा असेल तर दोघंही हवेत, एकाच्या जिद्दीचा असेल तर एक पुरे. म्हणूनच ७०-२००ची एफ/२.८ लेन्स या कामातली नेहमीची सोबतीण ठरली आणि ८५ किंवा १३५च्या उजळ लेन्स जोडीला आल्या.

फिल्मपासून सेन्सरपर्यंत

कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म ३५ मिलिमीटरमध्ये १९५४ साली आली आणि वृत्तछायाचित्रकारांनी ती डोक्यावर घेतली. ४०० वेगाची ही कृष्णधवल फिल्म १६०० धरून वापरायची आणि जास्त वेळ डेव्हलप करायची, हा हॉलमधल्या खेळांसाठीचा रिवाज झाला. दाणे ठसठशीत यायचे, सावल्या पार काळ्या पडायच्या. १९८८ साली टी-मॅक्स पी३२०० आली आणि आणखी थोडी जागा मिळाली. त्या काळचे कुस्तीचे फोटो आज पाहिले तर भुवयांखाली दोन काळे खड्डे आणि उजळलेलं कपाळ, असे चेहरे वारंवार दिसतात. फिल्म कमी पडली, असं आपण म्हणतो. खरं तर तो दिव्यांच्या जागेचा परिणाम आहे.

डिजिटलमधली खरी उडी २००७ सालची. त्या वर्षी आलेल्या निकॉन डी३ मध्ये आयएसओ ६४०० छापण्याजोगा मिळू लागला, आणि २००९च्या डी३एसने नेहमीच्या वापराची मर्यादा १२,८०० पर्यंत नेली. हॉलमध्ये काम करणाऱ्यांना तोपर्यंत शटर की दाणे अशी निवड करावी लागे, ती यानंतर सैल झाली. आज मधल्या किमतीचा कॅमेराही ६४०० सहज पेलतो. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं डिनॉइज आलं. त्याआधीपासून टोपाझ आणि डीएक्सओची सॉफ्टवेअर होतीच. १२,८०० वर काढलेली रॉ फाइल यातून अशी निघते की १६०० वर काढली असेल असं वाटावं.

याचीही किंमत आहे. घामाने चमकणारी कातडी, गादीच्या घर्षणाने उठलेले लाल वळ, नुकतीच उगवलेली दाढी या गोष्टी सॉफ्टवेअरला कधीकधी दाणेच वाटतात आणि ते त्या पुसून टाकतं. मग पैलवानाची कातडी मेणाची दिसते. उलट कधी पोत नसलेल्या जागी पोत उमटतो. वर्तमानपत्रासाठी काम करणाऱ्याने सफाई बेतानेच करावी. दाणे असलेला फोटो वाचकाला खटकत नाही, गुळगुळीत चेहरा खटकतो.

मोबाइलचा नाइट मोड इथे कामाचा नाही. तो अनेक फ्रेम एकावर एक रचून उजेड गोळा करतो आणि त्यासाठी समोरचा माणूस स्थिर लागतो.

लुकलुकणारे दिवे

उजेड किती, याइतकाच तो कसा, हाही भाग छळतो. जुन्या जिममधले मेटल हॅलाइड आणि ट्यूबचे दिवे विजेच्या लहरीबरोबर उजळतात आणि मंदावतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला १२० वेळा. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून १०० वेळा. १/१२५ किंवा १/१०० वर पूर्ण आवर्तन साधारण झाकलं जातं आणि काही जाणवत नाही. १/५०० वर मात्र एक फ्रेम भरात, पुढची उतारावर, तिसरी तळाला, आणि प्रत्येकीचा रंगही निराळा. एकाच डावाच्या दहा फ्रेममध्ये पैलवान पिवळा, हिरवट, पुन्हा पिवळा होतो. शटर आणखी वेगवान केलं तर एकाच फ्रेमचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळपट येतो.

२०१४च्या कॅनन ७डी मार्क २ मध्ये यावर एक चांगली युक्ती आली. कॅमेरा दिव्यांची लय ओळखतो आणि प्रत्येक वेळी भर उजेडाच्या क्षणीच शटर सोडतो. पुढे इतरांनीही ती घेतली. फ्रेमची गती थोडी कमी होते, पण रंग आणि उजेड सारखा राहतो. हॉलमध्ये हे बटण चालू ठेवणं हा फुकटात मिळणारा सर्वांत मोठा फायदा आहे.

आता बहुतेक ठिकाणी एलईडी आले. चांगल्या प्रतीचे एलईडी लुकलुकत नाहीत, पण स्वस्त किंवा मंद केलेले एलईडी फार वेगाने चालू-बंद होत असतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर आडव्या पट्ट्या उमटतात. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ मार्क ३ मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, म्हणून फ्रेमच्या आत पट्ट्या पडत नाहीत. एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये उजेड बदलू शकतोच. ज्याच्याकडे असा महागडा कॅमेरा नाही त्याने यांत्रिक शटर वापरावं, बहुतेक वेळा एवढं पुरतं.

रंगाचा आणखी एक उगम पायाखाली असतो. गादी निळी, तांबडी, काळी, सोनेरी, ज्या त्या विद्यापीठाच्या रंगाची असते, आणि तिच्यावरून परतलेला उजेड हनुवटीखाली तोच रंग फासतो. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यावर सोडला तर गादी फ्रेममध्ये किती येते त्यानुसार तो डगमगतो. लढती सुरू व्हायच्या आधी गादीजवळ राखाडी कार्ड धरून तो एकदा ठरवून टाकावा. एक्स्पोजरचंही तेच. काही विद्यापीठं प्रेक्षकांवरचे दिवे मालवून फक्त गादीवर झोत ठेवतात. मागचा काळोख पाहून ऑटो एक्स्पोजर पैलवानाचे खांदे जाळून टाकतं. तिथे मॅन्युअलला पर्याय नाही.

फ्लॅशचा मार्ग

उजेड कमी असेल तर आपला आणावा, हा सरळ विचार. छायाचित्रकार नील लायफर यांनी २५ मे १९६५ रोजी लुइस्टनच्या छोट्या हॉलमध्ये, मुष्टियुद्धाच्या लढतीत, प्रतिस्पर्धी लिस्टनवर ओरडणाऱ्या मुहम्मद अलीचा जो रंगीत फोटो काढला, तो रिंगवर टांगलेल्या स्ट्रोबच्या उजेडात. बास्केटबॉल आणि कुस्तीतही ही पद्धत रुजली. छताजवळच्या मार्गिकेवर कोपऱ्याकोपऱ्यांत मोठे फ्लॅश बांधायचे आणि रेडिओने कॅमेऱ्याला जोडायचे. फ्लॅशचा उजेड हॉलच्या उजेडापेक्षा पुष्कळ जास्त असला की हालचाल फ्लॅशच गोठवतो. रंग स्वच्छ येतात आणि आयएसओ ४०० वर काम होतं. शिवाय कोपऱ्यातून तिरका येणारा उजेड भुवईखाली थोडा शिरतो, म्हणजे दिशेचा प्रश्नही अंशतः सुटतो.

अडचणी उघड आहेत. आदल्या दिवशी शिडी लावून बांधणी करायची, आयोजकांची लेखी परवानगी काढायची, प्रत्येक दिव्याला सुरक्षेची साखळी घालायची. मोठ्या फ्लॅशला पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून डावामागे एकच फ्रेम पदरात पडते आणि बोट अचूक क्षणी दाबावं लागतं. विद्यापीठाच्या पदरी असलेल्या छायाचित्रकाराला हे जमतं, एका संध्याकाळपुरता आलेल्याला नाही. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश तर विसरावाच. तो पैलवान आणि पंच यांच्या डोळ्यांवर येतो, घामावर पांढरे ठिपके उठवतो आणि मागे काळोख करतो. उच्च आयएसओ मिळायला लागल्यावर अनेकांनी छतावरचे फ्लॅश सोडून दिले, आणि त्यांच्याबरोबर तिरका उजेडही गेला.

चेहरा कधी दिसतो?

पुरुषांची कॉलेज कुस्ती फ्रीस्टाइल नाही. तिला फोकस्टाइल म्हणतात. फ्रीस्टाइलमध्ये खाली गेल्यावर गुण मिळण्याची चिन्हं नसली तर पंच दोघांना लवकर उभं करतो. फोकस्टाइलमध्ये प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून ठेवण्याचंही मोल आहे. एकाचा ताब्याचा एकूण वेळ दुसऱ्याच्यापेक्षा एक मिनिट किंवा त्याहून जास्त भरला तर त्याचा एक गुण मिळतो. म्हणून तीन, दोन, दोन अशा सात मिनिटांतला मोठा भाग गादीवर, एकाच्या पाठीवर दुसरा अशा अवस्थेत जातो. दोघांचीही तोंडं गादीकडे. त्यातच कॉलेजमध्ये अनेक जण कानांना कवच असलेलं हेडगिअर घालतात, त्याचे पट्टे गालाचा उरलासुरला भाग झाकतात. प्रकाशाच्या दृष्टीने फोकस्टाइल फ्रीस्टाइलपेक्षा अवघड आहे, ती यामुळे.

एक दुहेरी पट सावकाश पाहू. खडाखडीत दोघांची कपाळं जुळलेली, चेहरे काळे. एकजण गुडघा टेकवून खाली शिरतो, त्याचं डोकं समोरच्याच्या बरगडीला लागतं आणि चेहरा पूर्ण झाकला जातो. समोरचा पाय मागे फेकून बचाव करतो, त्याची नजर खाली. आता खालचा जोर लावतो आणि त्याला उचलतो. इथे उचलला जाणारा अचानक वर पाहतो, डोळे विस्फारतात, दिव्यांचा सगळा उजेड त्याच्या तोंडावर पडतो. पाव सेकंदाने तो पाठीवर आदळतो. २०२३-२४च्या हंगामापासून या डावाला तीन गुण आहेत. ज्याने ते कमावले त्याचं डोकं अजून दुसऱ्याच्या काखेत आहे.

चीतपटीकडे जाताना हे आणखी ठळक होतं. दोन्ही खांद्यांचा भाग गादीला एक सेकंद टेकला की कुस्ती निकाली. त्याआधी खांदे गादीजवळ धरून ठेवल्याबद्दलही गुण असतात आणि पंच हाताने सेकंद मोजत असतो. ते दोन-चार सेकंद छायाचित्रकाराला अख्ख्या लढतीत मिळणारा सर्वांत उजळ, सर्वांत स्थिर चेहरा देतात. तो हरणाऱ्याचा असतो. जिंकणाऱ्याची पाठ दिव्यांकडे असते.

वरून येणारा उजेड असा नकळत बाजू घेतो. यावर आयएसओचा काहीही इलाज नाही. ६४०० वरून १२,८०० वर गेलं तर सावलीतला चेहरा थोडा उघडेल, पण आकार येणार नाही. उपयोग होतो तो जागेचा. गादीच्या कडेला, नियमाने आखलेल्या अंतरावर, बसून नव्हे तर पोटावर पालथं पडून कॅमेरा जमिनीलगत धरला की दाबणाऱ्याचा चेहरा खालून दिसतो, आणि गादी फिकट असेल तर तिच्यावरून उसळलेला उजेड त्याच्यावर पडतो. काळ्या गादीवर हा फायदा कमी मिळतो. मग ज्या बाजूला पांढरी भिंत किंवा मोठा स्कोअरबोर्ड आहे, तिच्याकडे तोंड करणारा पैलवान शोधावा. खालचा पैलवान सुटून उभा राहायला बघतो, तेव्हा मान ताठ करतो. गुण झाल्यावर दोघंही पंचाच्या हाताकडे किंवा कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाकडे पाहतात. हे क्षण डावांच्या फटीत असतात आणि ज्याचं बोट फक्त आदळआपटीवर असतं त्याच्या हातून निसटतात.

गॅलरीतून काढलेल्या फोटोला वेगळं मोल आहे. तिथून गादी स्वच्छ पार्श्वभूमी होते आणि डावाची रचना, कोणाचा पाय कशात अडकला आहे ते, नीट कळतं. चेहरे मात्र नसतात. संध्याकाळभरात पंधरा मिनिटं तिथे घालवावीत.

तालीम काय सांगते

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा पडताळा घरबसल्या घेता येईल. कोल्हापूरची किंवा पुण्याची जुनी तालीम कोणत्याही अमेरिकन जिमपेक्षा अंधारी असते. हौद्यातली लाल माती उजेड पिते. तरीही तालमीतले फोटो पिढ्यानपिढ्या देखणे येत आले. तिथे उजेड दारातून नाहीतर भिंतीतल्या झरोक्यातून आडवा येतो, गालाला, खांद्याला, दंडाला वळण देतो आणि खाली वाकलेल्या चेहऱ्यापर्यंत पोचतो. शिवाय तालमीत सराव चालू असतो. तोच डाव पुन्हा होतो, म्हणून एक फ्रेम हुकली तर दुसरी मिळते. उजेडाचं प्रमाण कमी असूनही दिशा बरोबर असली की काम होतं, याचा याहून सोपा दाखला नाही.

गादीवरची कुस्ती मात्र आपल्याकडेही त्याच अडचणीत आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन्ही विभाग असतात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक गादीवरच. हॉल असेल तर ट्यूब आणि उघड्या दारातलं ऊन एकत्र येतात, निम्मा चेहरा निळा आणि निम्मा पिवळा. मांडव असेल तर त्याच्या कापडाचा रंग सगळ्यांवर उतरतो. यात व्हाइट बॅलन्सशी भांडण्यापेक्षा दाराकडे पाठ करून बसावं आणि बाहेरचा उजेड तोंडावर घेणाऱ्या पैलवानाची वाट पाहावी.

कोणता फोटो द्यावा

हरणाऱ्याचा चेहरा सर्वांत चांगला येत असल्यामुळे छापलाही तोच जातो. वेदनेने वाकडं झालेलं तोंड, गादीला चिकटलेला गाल, असे फोटो स्पर्धांत बक्षिसं मिळवतात. एखाद्या वेळी ते योग्यच असतं. पण ही विद्यार्थी मंडळी आहेत आणि फोटो त्यांच्या नावासकट कायमचे उपलब्ध राहतात. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने महिला कुस्तीला स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा देण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे या खेळाचे फोटो आणखी वाढतील. घट्ट पोशाख, गुंतलेली शरीरं आणि सेकंदाला वीस फ्रेम काढणारा कॅमेरा एकत्र आले की अवघडलेल्या अवस्थेतल्या फ्रेम निघणारच. त्या निवडताना गाळणं हे छायाचित्रकाराचं काम आहे. ते संपादकावर ढकलू नये.

या सगळ्याचा मेळ घालायचा तर नव्याने या कामात पडणाऱ्याने पैसे आधी उजळ लेन्सवर घालावेत. कॅमेरा लुकलुक टाळणारा असला की पुरे, नवा कोरा नको. उरलेली मेहनत खेळ समजण्यावर घ्यावी. कोण कोणत्या पायावर शिरतो, कोण डाव्या बाजूने ताबा घेतो, हे ज्याला माहीत आहे तो चेहरा कुठल्या बाजूला उघडेल हे आधी ओळखतो. हंगाम संपल्यावर आपले निवडलेले फोटो एकत्र मांडावेत आणि त्यात जिंकणाऱ्यांचे चेहरे किती आले ते मोजावं. फारच कमी भरले, तर पुढच्या हंगामात कॅमेरा तोच ठेवून बसायची जागा बदलावी.